गॅस न पेटवता पाहुणचार : फळं आणि खाऊच्या ताटाचे तुमचे अनुभव

गेल्या महिन्यात घरी बारा जण जेवणाआधीच्या गप्पांना यायचे होते आणि माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. गरम भांडं उचलणं शक्यच नव्हतं. बेत रद्द करण्याऐवजी ठरवलं की गॅस पेटवायचाच नाही. मोठ्या लाकडी फळीवर फळांच्या फोडी, चीज, खारी बिस्किटं, अक्रोड-बदाम आणि दोन वाट्यांत घट्ट दह्याचं डिप. चिरायला मुलगी होती, मांडायला माझा डावा हात पुरला.

त्या संध्याकाळी मी सगळ्यांबरोबर बसले. एरवी एखादी मैत्रीण काही सांगायला लागली की मी निम्म्यात उठून कढई बघायला जाते. त्या दिवशी प्रत्येकीचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणून हे ताट आता मला कायमचं हवंय, नुसतं हात दुखतोय तेव्हापुरतं नाही.

पण चुका झाल्या. सफरचंदं तासाभरात काळवंडली, कलिंगडाचं पाणी चीजखाली गेलं आणि बिस्किटं सादळली. तुमच्याकडे काय फसलं, का फसलं आणि पुढच्या वेळी काय बदललंत ते लिहा. साध्या पाककृती मिळतात हो, मला ही बाजू हवी आहे.

* * *

सफरचंदावर मी बराच जीव लावलाय, त्यामुळे आधी मीच लिहितो.

फोड कापली की पेशी फुटतात. त्यांतलं पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) आणि हवेतला ऑक्सिजन यांची गाठ पडते आणि फोड तपकिरी होते. म्हणजे एक तर हवा लागू द्यायची नाही, नाहीतर त्या विकराला लुळं करायचं. लिंबाच्या आंबटपणाने ते लुळं पडतं, पण नुसता रस चोळला तर सफरचंदाला सफरचंदाची चव राहत नाही. माझ्या आईला ते अजिबात आवडायचं नाही, ती फोड तोंडात घालून बाजूला ठेवायची.

मग मिठाचं पाणी करून पाहिलं. एक कप पाण्यात पाव ते अर्धा छोटा चमचा मीठ, त्यात फोडी दहा मिनिटं, नंतर साध्या पाण्यातून काढून फडक्यावर कोरड्या करायच्या. रंग छान राहिला. धुवायला विसरलं तर मात्र खारटपणा कळतो. शेवटी मधाच्या पाण्यावर स्थिरावलो : एक कप पाण्यात एक मोठा चमचा मध, पाच मिनिटं. मधातला एक घटक त्याच विकराला अडवतो आणि चवीला बाध येत नाही. आमच्याकडे दुपारी चिरलेल्या फोडी फ्रिजमध्ये झाकून रात्रीपर्यंत पांढऱ्या राहतात. नाशपातीलाही हेच चालतं. केळ्यासाठी काही करत बसत नाही, ते पाहुणे दारात आल्यावर कापतो.

* * *

वरच्यांना एक महत्त्वाची जोड : घरी वर्षाच्या आतलं बाळ येणार असेल तर मधाच्या पाण्यातली फोड त्याच्या हातात जाऊ देऊ नका. मधातून बॉट्युलिझमचा (एका जंतूच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका असतो, म्हणून एक वर्षाच्या आत मध देतच नाहीत. बाळासाठी काही करायचं असेल तर वेगळं ठेवा आणि त्याच्या आईला सांगा.

* * *

बिस्किटं सादळण्याबद्दल.

मी दोन वर्षं बिस्किटांना दोष देत होते, ब्रँड बदलत होते. चूक मांडणीत होती. कलिंगडात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. कापलं की ते सुटायला लागतं, आणि वर मीठ भुरभुरवलं तर अजूनच भरभर सुटतं. खारं बिस्किट तर मुळातच खडखडीत कोरडं, त्यामुळे शेजारचा ओलावा ते ओढून घेणारच. अक्रोडही असेच मऊ पडतात.

आता माझ्या ताटात ओल्या आणि कोरड्या वस्तू एकमेकींना शिवत नाहीत. कलिंगड, खरबूज, अननस, संत्र्याच्या सोललेल्या फोडी हे सगळं उथळ वाडग्यांत, आणि वाडग्यांत घालण्याआधी चाळणीत निथळून. सालासकटची द्राक्षं आणि अख्ख्या स्ट्रॉबेरी थेट फळीवर, कारण त्यांना पाणी सुटत नाही. (स्ट्रॉबेरी आधी धुवायच्या, मग देठ काढायचं. उलटं केलं तर देठाच्या भोकातून पाणी आत जातं आणि चव पातळ होते.) बिस्किटं डब्यातून बाहेर येतात ती बेल वाजल्यावर. मीठ-मिरपूड छोट्या वाटीत बाजूला, ज्याला हवी तो घेईल.

एवढं बदललं आणि तीच बिस्किटं शेवटपर्यंत कुरकुरीत राहिली.

* * *

कांदा-लसूण चिरायचा चॉपिंग बोर्ड फळांना वापरू नका. कितीही घासला तरी खरबुजाला वास लागतोच. मी फळांसाठी वेगळा बोर्ड घेतला, मागे खूण करून ठेवलीय.

* * *

मला अननस आणि दह्याबद्दल सांगायचंय. साखर घातलेल्या घट्ट दह्यात अननसाचे बारीक तुकडे मिसळून डिप केलं, सकाळीच, म्हणजे संध्याकाळी गडबड नको. संध्याकाळी वाटी उघडली तर दही पातळ झालेलं आणि चवीला चक्क कडू. दही खराब होतं असं समजून मी सगळं टाकून दिलं. पुढच्या वेळी ताजं दही, पुन्हा तेच.

कारण नंतर समजलं. ताज्या अननसात ब्रोमेलेन असतं, ते प्रथिनं तोडतं. दुधातली प्रथिनं तुटली की कडवट चव येते. किवीमध्ये ॲक्टिनिडिन आणि पपईत पपेन, तिघांचं काम एकच. डब्यातला अननस गरम प्रक्रियेतून गेलेला असल्याने त्यातलं ब्रोमेलेन निकामी झालेलं असतं, तो चालतो. मी आता दही एका वाटीत ठेवते, अननस दुसरीकडे, आणि ज्याचा तो बुडवून खातो. लगेच खाल्लं तर काही होत नाही, ताजा अननस दह्यात तासन्‌तास ठेवायचा नाही इतकंच.

* * *

मी लहान मुलांच्या वॉर्डमध्ये परिचारिका आहे. हे थोडं लांबेल, पण कृपया वाचा.

फळांच्या ताटातलं सगळ्यात निरुपद्रवी दिसणारं फळ म्हणजे द्राक्ष, आणि लहान मुलांच्या दृष्टीने मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. ते गोल असतं, गुळगुळीत असतं, दाबलं की आकार बदलतं, त्यामुळे छोट्या श्वासनलिकेत बुचासारखं घट्ट बसतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी द्राक्ष उभं चिरायचं आणि चार तुकडे करायचे. आडवं चिरून उपयोग नाही, गोल चकती राहतेच. चेरी, छोटे टोमॅटो, बिया काढलेले ऑलिव्ह यांनाही हाच नियम. अख्खे बदाम-अक्रोड आणि पॉपकॉर्न त्या वयाला नकोच.

माझ्या स्वतःच्या घरी, मला हे सगळं माहीत असताना, भावाचा तीन वर्षांचा मुलगा ताटातून मूठभर द्राक्षं घेऊन पळत सुटला. मी त्याला पकडून मूठ उघडेपर्यंतचे ते काही क्षण मी विसरलेले नाही. त्याला काही झालं नाही. पण तेव्हापासून ताट ठेवते ते टेबलावर, मुलांच्या हाताला येणाऱ्या तिवईवर नाही. मुलांसाठी चिरलेल्या फळांची वेगळी बशी, आणि खायचं ते बसूनच.

* * *

धागा काढणारी पुन्हा लिहितेय. परिचारिकाताई, मनापासून आभार. आमच्याकडे त्या दिवशी चार वर्षांची मुलगी होती आणि मी द्राक्षांचे घड अख्खे ठेवले होते. आता कधीच नाही.

एक प्रश्न : पथ्य असलेले पाहुणे आले तर तुम्ही काय करता? त्यांचं वेगळं काढता का?

* * *

याचं उत्तर मला द्यायचंय.

माझ्या सासऱ्यांचं डायलिसिस चालू आहे. त्यांना पोटॅशियम मोजून खावं लागतं. केळी, संत्री, खरबूज, खजूर, जर्दाळू यांत ते भरपूर असतं. सफरचंद, द्राक्षं, स्ट्रॉबेरी, अननस यांत त्या मानाने कमी. शिवाय पाण्याचंही माप असतं, आणि कलिंगडासारखी रसाळ फळं त्या मापात धरावी लागतात.

सुरुवातीला मी त्यांची वेगळी बशी करायचे, झाकून, नाव घालून. काळजी म्हणूनच. पण ते ती बशी घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसायचे. ताटाभोवती जी गर्दी होते, हात एकमेकांत येतात, ‘हे खाऊन बघ’ म्हणून पुढे केलं जातं, त्यात ते नसायचे. हे माझ्या लक्षात यायला मला उशीर लागला.

मग एकदा सगळं ताटच त्यांच्या यादीतून केलं. लाल आणि हिरवी सफरचंदं, दोन रंगांची द्राक्षं, स्ट्रॉबेरी, अननस, बिनमिठाची बिस्किटं. चीज आणि सुका मेवा दुसऱ्या टेबलावर. किती खायचं ते त्यांच्या आहारतज्ज्ञांनी ठरवून दिलेलं आहे आणि ते स्वतः काटेकोर आहेत. बाकीच्या पाहुण्यांना काहीही उणं वाटलं नाही. सासरे ताटापाशी उभे राहून एका लहान मुलाला हिरवं सफरचंद आंबट का लागतं ते सांगत होते.

म्हणून माझं उत्तर : वेगळं काढू नका. ज्याला सगळ्यात कमी चालतं, त्याच्यापासून ताट मांडायला सुरुवात करा. प्रत्येकाचं पथ्य वेगळं असतं, ते मात्र विचारून घ्या.

* * *

सहमत. फक्त ॲलर्जीच्या बाबतीत वेगळं काढावंच लागतं. माझ्या मुलाला शेंगदाणे आणि काजू चालत नाहीत. एकच चिमटा सुक्या मेव्यातून फळांत फिरला तरी आमच्यासाठी ते ताट संपलं. मेवा दूर, वेगळ्या बशीत, वेगळ्या चमच्यासह ठेवलात तर आम्ही निर्धास्त बसतो. आणि डिप-बिस्किटांची पाकिटं टाकू नका, आम्हाला ती वाचायची असतात.

* * *

वेळेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कापलेलं फळ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासभरच. खरबुजाच्या बाबतीत मी जास्त जपतो, कारण त्यात आंबटपणा अगदी कमी, जंतूंना ते मानवतं. त्याची खडबडीत साल वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासून कोरडी करायची आणि मगच सुरी लावायची. साल आपण खात नाही म्हणून लोक धूत नाहीत, पण सुरी सालीवरचं सगळं आत घेऊन जाते.

एक मोठं ताट भरून ठेवण्याऐवजी मी दोन लहान ताटं करतो. एक बाहेर, दुसरं फ्रिजमध्ये झाकून. पहिलं संपत आलं की ते आत आणि दुसरं बाहेर. उरलेल्यावर नवीन ओतायचं नाही.

* * *

चीज उलट, आधी काढा. पाहुण्यांच्या आधी अर्धा ते एक तास. थंडगार चीजला चवच लागत नाही.

* * *

माझा अनुभव दिसण्याबद्दलचा. मी तासभर बसून सुंदर ताट सजवायची. किवीच्या चकत्यांची कमान, डाळिंबाच्या दाण्यांची नक्षी (डाळिंब पाण्यात बुडवून सोला, पांढरे पापुद्रे तरंगतात आणि दाणे तळाशी बसतात). लोक फोटो काढायचे आणि खायचे नाहीत. सगळे एकमेकांकडे बघत उभे. कुणालाच ती नक्षी मोडायची नसायची.

हे मला खरंच लागलं, कारण मी खाण्यासाठीच केलेलं असायचं. आता मी स्वतःच मोडून ठेवते. चीजचा पहिला तुकडा कापलेला, सुरी तिथेच आडवी. द्राक्षांचे घड कात्रीने चार-पाच मण्यांचे छोटे केलेले, म्हणजे उचलला की पूर्ण हातात येतो. फोडी एका घासाच्या, कारण दुसऱ्या हातात पेला असतो. वाडगे आधी ठेवायचे, मग मोठी फळं, उरलेल्या फटींत मेवा. ऑलिव्ह किंवा खजूर बियांसकट असतील तर रिकामी वाटी ठेवून तिच्यात दोन बिया आधीच टाकून ठेवते. लोकांना विचारावं लागत नाही.

प्रमाणाचं म्हणाल तर आमच्याकडे जेवणाआधी माणशी साधारण १५० ग्रॅम फळ पुरतं. जेवणच तेवढं असेल तर दुप्पट आणि चीज-बिस्किटं हात सैल सोडून.

* * *

मी सत्तरीचा आहे. स्वयंपाक बायको करायची. ती गेल्यावर घरी कुणाला बोलवायचं म्हणजे काय द्यायचं हा प्रश्न, आणि बाहेरून मागवलेलं डब्यांतून काढून वाढणं मला जमेना. मित्र अवघडून म्हणायचे, आम्ही खाऊन येतो. हळूहळू येणं कमी झालं.

सुरी मात्र मला धरता येते. पहिल्यांदा फक्त तीन गोष्टी मांडल्या : सफरचंद, चीज, अक्रोड. दुसऱ्यांदा खरबूज घेतलं, ते कच्चं निघालं. देठाच्या बाजूला गोड वास येतो का आणि दाबलं तर किंचित दबतं का, ते बघायला शिकलो. नाशपातीचंही तसंच, देठाजवळ मऊ लागली की ती झाली. दुकानात मी आता बराच वेळ घेतो, मला ते आवडायला लागलंय.

आता चौघे जण दर महिन्याला येतात. गेल्या खेपेला एकाने घरून स्वतःची सुरी आणली. संत्री तोच सोलतो, पांढरी साल पार निघेपर्यंत, आणि तोवर बाकीचे आम्ही त्याची वाट बघत बोलत बसतो.