"कंत्राटींना वेतनश्रेणी कशाला?" या पोस्टला उत्तर

फाइलवाला: काल इथे एकाने लिहिलं, "नेमणूक घेताना मानधनाचा आकडा वाचला होता ना? मग आता वेतनश्रेणी कसली मागता? परीक्षा देऊन या." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आमच्या कार्यालयात आस्थापनेवरचा, म्हणजे कायम, लिपिक-टंकलेखक एस-६ या वेतनश्रेणीत आहे, मूळ वेतन १९९००-६३२००. शेजारच्या टेबलावर मी. आवक-जावक, टिपणी, देयकं, दोघांचं काम तेच. पण माझ्या आदेशावर पदनाम 'डाटा एंट्री ऑपरेटर', आणि असं पद आमच्या आकृतिबंधातच, म्हणजे मंजूर पदांच्या यादीतच, नाही. म्हणजे तुलना करायला समोर कोणी उरत नाही. अकरा महिने झाले की एक दिवसाचा तांत्रिक खंड, म्हणजे सेवा सलग दिसू नये म्हणून कागदावर तोडायची, मग नवा आदेश.

जगजित सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं की तेच काम करणाऱ्या हंगामी माणसाला त्या श्रेणीचं किमान वेतन द्या. मात्र काम समान आहे हे सिद्ध करायचं मागणाऱ्यानेच. कशाने करू? टिपणी मी लिहितो, खाली सही त्यांची. कागदावर मी नाहीच.

सरळसेवा_०९: २००६ चा उमादेवी निकाल वाचा आधी. मागच्या दाराने आलेल्यांना कायम करता येत नाही, घटनापीठाने सांगितलंय. आम्ही जाहिरात, गुणवत्ता यादी, आरक्षण या सगळ्यातून आलो. तुम्ही मुलाखतीला कुणाची चिठ्ठी घेऊन गेलात ते सांगा.

फाइलवाला: जाहिरात पेपरात आली होती, चिठ्ठी तुमच्याकडे चालत असेल. आणि कायम करा असं मी कुठे म्हणालो? पगाराबद्दल बोलतोय.

तासिकाताई: तुम्हाला निदान महिन्याचं ठोक मिळतं हो. आम्ही कॉलेजात तासिका तत्त्वावर. वर्गातला तास मोजतात, पण पेपर तपासणं, कॉलेजच्या मूल्यांकनासाठी नॅकच्या फायली, प्रवेशाचं टेबल हे सगळं 'सहकार्य' म्हणून. सुट्टी लागली की कोरडं. प्राध्यापकपदासाठीची नेट परीक्षा पास आहे मी, 'परीक्षा देऊन या' म्हणणाऱ्यांनी जागा काढायला लावा आधी.

सरळसेवा_०९: कायम असलेल्यांचं तरी काय सोनं झालंय? १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलो म्हणून जुनी पेन्शन गेली. आमच्यासाठी कोणी धागा काढतं का?

खंडितसेवा: काढला की! मार्च २०२३ चा संप आठवतो? तुम्ही 'एकच मिशन, जुनी पेन्शन'च्या टोप्या घालून मैदानात, इथे मार्चअखेरची घाई. लॉगिन साहेबांचा, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला, देयकं आम्ही काढली.

सरळसेवा_०९: म्हणजे संप फोडलात, आणि वर मिरवताय! अशांसाठी श्रेणी मागायची?

खंडितसेवा: तुम्ही संपावर गेलात तरी नोकरी राहते. आम्ही गेलो तर पुढचा आदेशच निघत नाही. आणि तुमच्या त्या मागणीपत्रात आमच्यासाठी किती जोर लावलात, ते तुम्हालाच माहीत.

सरळसेवा_०९: संघटनेची वर्गणी भरता का कधी?

खंडितसेवा: सभासद करून घेता का कधी?

निवृत्त_लेखा: अरे, पेन्शनचं भांडण वेगळ्या धाग्यावर न्या. मुद्दा अंदाजपत्रकाचा आहे. 'वेतन' हे खर्चाचं उद्दिष्ट, म्हणजे शीर्ष, वेगळं, 'कंत्राटी सेवा' वेगळं. श्रेणीत घेतलं की महागाई भत्ता मागोमाग येतो, पुढचा वेतन आयोगही येतो. ठोक रक्कम मात्र कोणी हलवेपर्यंत तिथेच राहते. प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकांचं मानधनच बघा, ६००० चे १६००० व्हायला २०२३ उजाडलं. वित्त विभागाला हेच हवं असतं, त्यात कुणाच्या गुणवत्तेचा संबंध नाही. सरळसेवावाल्यांना उगाच वाटतं की आपल्या परीक्षेचा मान राखला जातोय.

सरळसेवा_०९: काका, तुम्ही पूर्ण पेन्शन घेऊन बोलताय, सोपं आहे.

निवृत्त_लेखा: घेतोय. म्हणून आकडे खोटे होत नाहीत.

सरळसेवा_०९: बरं बाबा, द्या किमान वेतन. माझ्या खिशातून थोडंच जातंय! पण उद्या सेवाज्येष्ठता मागितलीत तर मी स्वतः न्यायालयात जाईन.

फाइलवाला: जरूर जा. तुमच्या याचिकेला शासनाचं परिच्छेदनिहाय उत्तर कुठल्यातरी कंत्राटीच्याच टेबलावर तयार होईल.