मदत हवी आहे : सुतारकामात विद्यार्थ्यांचे स्वतःचे आराखडे आणि सुरक्षितता यांचा मेळ कसा घालावा?

नमस्कार.

मी ग्रामीण भागातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. पाबळ येथे डॉ. कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाच्या कामातून हाताने काम करत शिकण्याची जी पद्धत राज्यातील अनेक शाळांपर्यंत पोहोचली, तिच्या धर्तीवर आमच्याकडेही आठवी-नववीच्या मुलामुलींसाठी कार्यशाळेचे तास ठेवले आहेत. त्यांतील लाकूडकामाची जबाबदारी माझ्याकडे आहे. बेंच-वाइस (लाकडाचा तुकडा घट्ट धरणारा शिकंजा) बसवलेली दोन मेजे, हातकरवती, रंधे, पटाश्या (लाकूड कोरण्याची सपाट धारेची हत्यारे), काटकोन्या आणि एक ड्रिल मशीन एवढे साहित्य आहे व एका तुकडीत वीस विद्यार्थी असतात. लाकूड म्हणून पॅकिंगच्या पेट्यांचे पाइन वापरतो. ते घेताना फळीवरचा शिक्का पाहतो आणि ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलेच लाकूड निवडतो; ‘एमबी’ असा शिक्का असलेल्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, त्यामुळे ते मुलांच्या हाती देत नाही.

माझी अडचण अशी आहे. सुरक्षिततेचे नियम भिंतीवर लावलेले आहेत, मुलांना ते तोंडपाठही आहेत. तरीही ‘पटाशीच्या धारेपुढे हात ठेवू नये’ हे घडाघडा म्हणून दाखवणारा विद्यार्थी पुढच्याच क्षणी डाव्या हातात तुकडा धरून उजव्या हाताने पटाशी चालवू लागतो. जवळ जाऊन पाहिले की कारण कळते : तुकडा इतका आखूड किंवा इतका तिरका असतो, की तो वाइसमध्ये धरताच येत नाही. नियम त्याला ठाऊक असतो, पण त्याने कागदावर जी वस्तू काढली आहे तिने त्याला नियम पाळायला जागाच ठेवलेली नसते. म्हणून सुरक्षितता ही आराखड्यापासूनच शिकवली पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

सर्वांना एकच ठरलेली वस्तू करायला देणे हा एक मार्ग आहे. स्वीडनमध्ये नेस येथे ऑटो सॅलोमन या शिक्षणतज्ज्ञांनी एकोणिसाव्या शतकात सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या वस्तूंची जी मालिका बसवली, तिच्यामागचा विचार मला पटतो, कारण प्रत्येक वस्तूबरोबर एखादे नवे हत्यार किंवा नवी कृती हाताखाली येते. परंतु आपल्या घरात कशाची गरज आहे हे पाहून, मापे घेऊन, स्वतः वस्तू ठरवण्याचा जो आनंद मुलांच्या चेहऱ्यावर दिसतो, तो मला गमवायचा नाही.

नुकतेच एका विद्यार्थिनीने आजीच्या मोबाइलसाठी स्टँड काढून आणले. आठ सेंटिमीटर लांबीचा ठोकळा आणि त्यात आजीला खाटेवरून पडदा नीट दिसावा म्हणून मागे कललेली खाच. विचार उत्तम आहे, मापेही बरोबर आहेत. पण एवढ्याशा ठोकळ्यात तिरकी खाच करवतीने कशी घ्यायची? अशा वेळी आराखडा नाकारावा, बदलून द्यावा, की तिलाच बदलायला लावावा? आराखड्याबरोबर ‘प्रत्येक कृतीत तुकडा कुठे धरणार, हत्यार कोणत्या दिशेने जाणार’ असा तक्ता लिहून घेण्याचा माझा विचार आहे. तो कोणी वापरून पाहिला आहे का? आणि दोन मेजांवर वीस मुलांचे नियोजन आपण कसे कराल?

प्रतिसाद

सर, नमस्कार. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकामाचा निदेशक आहे.

आराखडा नाकारू नका. त्या मुलीला एवढेच विचारा की ठोकळा आधी कापायचा की खाच आधी घ्यायची. उत्तर तिचे तिलाच सापडेल. लांब फळीवर आखणी करून, फळी सी-क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या पकडीने) मेजाला पक्की बांधून खाच घ्यावी आणि तुकडा सर्वांत शेवटी वेगळा करावा. खाचेच्या तिरकसपणासाठी त्याच कोनात कापलेला टाकाऊ लाकडाचा ठोकळा करवतीला टेकू म्हणून लावावा, म्हणजे पाते हलत नाही. खाचेतले लाकूड पटाशीने दोन्ही बाजूंकडून मध्याकडे काढावे. एकाच बाजूने काढत नेल्यास पलीकडची कड फुटते. लहान वस्तू मोठ्या तुकड्यावर घडवायची, ही सवय लागली की हात धारेपुढे जाण्याचे प्रसंग आपोआप कमी होतात.

आपला तक्ता जरूर वापरा, मात्र त्याआधी पुठ्ठ्याचा पूर्ण आकाराचा नमुना करून घ्या. नियोजनाचा प्रश्नही त्यातूनच सुटेल : एका वेळी चौघेच वाइसवर, बाकीचे आखणी, पुठ्ठा आणि पॉलिश पेपरच्या कामावर. ड्रिल मशीनवर आपण स्वतः उभे राहावे. तेथे हातमोजे कटाक्षाने टाळावेत, कारण फिरत्या बिटात कापड अडकले तर हातही ओढला जातो. ओढणी, मोकळे केस आणि मनगटातले दोरे यांचेही तेच. पटाश्यांना धार मात्र आपणच लावून ठेवा. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि ती सटकते तेव्हा त्याच जोराने सटकते.

घासकामासाठी रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क द्यावेत. लाकडाच्या बारीक धुळीला कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९९५ मध्येच कर्ककारक ठरवले आहे. ते काम खोलीबाहेर व्हरांड्यात घेता आले तर अधिक बरे, आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू चिकटवून दाबून केलेल्या फळ्या, शाळेत आणूच नये.

पेटीच्या फळीची जाडी किती आहे ते कळवावे, म्हणजे खाच किती खोल घेता येईल ते सांगता येईल.