‘रस्टिकेट’ला मराठीत नेमके काय म्हणावे?

प्रश्न : जेम्स रसेल लॉवेल या अमेरिकन कवीवर एक लेख अनुवादित करते आहे. त्यात १८३८ साली हार्वर्डने त्याला ‘रस्टिकेट’ केल्याचा उल्लेख आहे. मी ‘कॉलेजातून काढून टाकले’ असे लिहून मोकळी झाले. दोनच परिच्छेद पुढे गेले, तर त्याच उन्हाळ्यात त्याला हार्वर्डची पदवी मिळालेली! काढून टाकलेल्या मुलाला पदवी कशी मिळेल?

प्रतिसाद १ : कारण त्याला काढून टाकलेलेच नव्हते. शब्द लॅटिन ‘रुस’वरून आला आहे, त्याचा अर्थ खेडे, रान-शिवार. रस्टिकेट करणे म्हणजे शब्दशः खेड्यात राहायला लावणे. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये ही शिक्षा होतीच, तीच अमेरिकन कॉलेजांनी उचलली. पोराला ठराविक मुदतीसाठी गावातल्या एखाद्या पाद्रीबुवांच्या हवाली करायचे. त्यांच्या देखरेखीखाली राहायचे, त्यांच्यापुढे धडे म्हणून दाखवायचे, आणि मुदत संपली की परत यायचे. कायमचे घालवायचे असेल तर त्याला ‘एक्स्पेल’ हा वेगळा शब्द होता.

लॉवेलचा गुन्हा एवढाच की कॉलेजच्या कर्तव्यांकडे तो सतत दुर्लक्ष करत होता. प्रार्थनेला हजेरी तेव्हा सक्तीची होती. हार्वर्डने ती सक्ती थेट १८८६ मध्ये उठवली. त्याला धाडले काँकर्डला, बार्झिलाय फ्रॉस्ट नावाच्या पाद्रीबुवांकडे. खरा घाव वेगळाच होता. त्या वर्षी वर्गाचा कवी म्हणून मुलांनी त्यालाच निवडले होते, आणि समारंभात स्वतःची कविता वाचायला तो हजर राहू शकला नाही. कविता छापून वाटली गेली, कवी मात्र काँकर्डात. एकोणीस वर्षांच्या मुलाला ते किती लागले असेल!

प्रतिसाद २ : म्हणजे आपण इतकी वर्षे हा शब्द चुकीचा वापरतोय की काय? आमच्याकडे ‘कॉपी करताना सापडला, रस्टिकेट झाला’ म्हणजे खेळ खलासच.

प्रतिसाद १ : चूक म्हणू नका. मराठीत येताना शब्दातले खेडे गळून पडले आणि शिक्षा तेवढी उरली. आपल्या कॉलेजांबद्दल लिहिताना तो अर्थ चालेल, १८३८ च्या हार्वर्डबद्दल लिहिताना चालणार नाही.

प्रतिसाद ३ : ‘तडीपार’ कसा वाटतो? हद्दीबाहेर घालवणे, तेही मुदतीपुरते.

प्रतिसाद १ : मुदतीचा भाग जुळतो, पण तडीपार म्हटले की पोलीस आणि गुंड डोळ्यांपुढे येतात. शिवाय तडीपाराने इथे राहू नये एवढेच सांगितलेले असते. रस्टिकेट झालेल्याने कुठे आणि कोणाजवळ राहायचे हेही ठरवून दिलेले असे. ‘निलंबन’ही त्यासाठीच अपुरे पडते.

प्रतिसाद ४ : मग सरळ ‘गावी पाठवले’ म्हणा की.

प्रश्नकर्ती : ते मीही लिहून पाहिले, पण ‘गावी पाठवले’ म्हटल्यावर मे महिना, आंबे आणि आजोळ आठवते. शिक्षा वाटतच नाही.

प्रतिसाद ४ : पण आपल्याकडेही ‘पोरगं शहरात वाया चाललंय, ठेवा काकांकडे गावाला’ असे होतेच ना? शिस्तीसाठी गाव, ही कल्पना आपल्याला परकी नाही. क्रियापद तेवढे बदला. पाठवणे मायेने होते, रवानगी नाराजीने होते. ‘गावी रवानगी’ करून पाहा.

प्रतिसाद १ : हे आवडले. फक्त काँकर्ड हे त्याचे स्वतःचे गाव नव्हते, तेव्हा वाक्यात पाद्रीबुवा यायलाच हवेत.

प्रश्नकर्ती : सर्वांचे मनापासून आभार. आता वाक्य असे केले आहे : ‘कॉलेजने शिक्षा म्हणून त्याची काँकर्ड गावी एका पाद्रीबुवांकडे रवानगी केली, पदवीदान तोंडावर आल्यावरच त्याला परतता आले.’ पुढे १८५५ मध्ये याच हार्वर्डने त्याला प्राध्यापक नेमले, तेही वाक्य आता वाचताना अडखळायला होत नाही.