मदत हवी आहे: पद्मिनीची पेट्रोल लाइन बदलायची आहे. स्टील, तांबं की सलग रबर?

नमस्कार मंडळी,

बाबांची 1986 सालची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आहे. तिचं बहुतेक आयुष्य रत्नागिरीत गेलं, आता ती पुण्यात असते. इंजिन मूळचंच, 1089 सीसी, सोलेक्स कार्ब्युरेटर, इंजिनाच्या कॅमवर चालणारा डायफ्रॅमचा (लवचिक पडद्याचा) पेट्रोल पंप. रोजच्या वापरात नाही, पण रविवारी बाहेर निघते आणि गणपतीला गावी जातेच. ती अशीच रस्त्यावर राहावी एवढी मनापासून इच्छा आहे.

त्रास असा आहे. सपाटीला गाडी छान पळते. घाटात लोड आला की झटके खाते आणि दम सोडते. बाजूला घेऊन थोडा वेळ आयडलला ठेवली की पुन्हा ठीक. कार्ब्युरेटर उघडून साफ केला, फ्लोट लेव्हल (त्यातली पेट्रोलची पातळी) तपासली, प्लग आणि पॉइंट नवे घातले, फरक शून्य. शेवटी पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावला तर त्यात सतत बुडबुडे दिसले. खाली फरशीवर एक थेंब नाही, पण टाकी फुल केल्यावर मागच्या सीटपाशी पेट्रोलचा वास येतो.

गाडी स्टँडवर घेऊन खालून बघितली. टाकीपासून पुढे येणारा स्टीलचा पाइप तळाच्या पत्र्याला क्लिपांनी धरलेला आहे आणि जिथे जिथे क्लिप आहे, नेमका तिथेच तो खाल्लाय. समुद्राकाठची खारी ओल क्लिपखाली अडकून राहिली असणार. एका जागी तर नखाने पापुद्रा निघतो. दोन्ही टोकांच्या रबरी होजचीही (लवचिक नळ्यांचीही) अवस्था वाईट आहे. टाकीकडचा कडक होऊन तडकलाय, पंपाकडचा उलट फुगून मऊ झालाय. हा पंपाकडचा फार जुना नाही, म्हणून जास्त काळजी वाटते. आता सगळीकडे 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. साधं नायट्राइल रबर त्यात फुगतं किंवा पुढे कडक पडतं, त्याचाच हा परिणाम दिसतोय.

माझं निदान असं: इंजिन चालू असताना टाकी ते पंप हा सगळा भाग ओढीखाली असतो. तिथे बारीक भोक असलं तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून थेंब नाही आणि बुडबुडे आहेत. चढावर पेट्रोल जास्त लागतं, तेव्हा ही हवा नडते.

आता गॅरेजमध्ये मिळालेले सल्ले. एकांनी सांगितलं, पाइप जागेवरच ठेवून ब्रेझिंगचं (ज्योतीने पितळ वितळवून) ठिगळ मारू. दुसऱ्यांनी सांगितलं, जुना पाइप तसाच सोडा आणि टाकीपासून पंपापर्यंत सलग प्लास्टिकची पारदर्शक नळी ओढा, तासाभरात काम होईल. तिसरे म्हणाले, एसीवाल्याकडून तांब्याची नळी आणा, हाताने वाकते. पहिले दोन पर्याय मला अजिबात मान्य नाहीत. टाकीशेजारी ज्योत न्यायची कल्पनाच नको, आणि पारदर्शक पीव्हीसी नळी पेट्रोलमध्ये काही महिन्यांत काचेसारखी कडक होऊन तडकते.

तर प्रश्न:
तांबं घ्यावं की पुन्हा स्टीलच?
इथेनॉलला टिकणारा होज कसा ओळखायचा? नाना पेठेत दुकानदार प्रत्येक नळीला 'पेट्रोल पाइप'च म्हणतात.
जुन्या पाइपचे बेंड नव्यावर कसे उतरवायचे?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. कामाला महिनाभर लागला तरी चालेल, पण एकदाच आणि नीट करायचं आहे.

प्रतिसाद: घाटवाट

आधी एक सोपी तपासणी करा. गाडीने दम सोडला की लगेच टाकीचं झाकण सैल करा. 'फुस्स' होऊन हवा आत गेली आणि गाडी सुधारली, तर टाकीची हवेची वाट बुजली आहे. पंप ओढत राहतो, टाकीत पोकळी तयार होते आणि लक्षणं अगदी तुम्ही लिहिलीत तशीच दिसतात. पाइप बदलूनही हा दोष राहिला तर विनाकारण हताश व्हाल.

प्रतिसाद: धागाकर्ता

धन्यवाद दादा. झाकण सैल ठेवून घाट चढून बघितला होता. झटके तसेच आणि फिल्टरमधले बुडबुडेही तसेच. त्यामुळे हवा पाइपमधूनच शिरतेय.

प्रतिसाद: जुना स्पॅनर

तुमचं निदान बरोबर वाटतं. खात्रीच करायची तर टाकीकडचं आणि पंपाकडचं अशी दोन्ही टोकं सोडवा, एक बंद करा, दुसऱ्यातून सायकलच्या पंपाने हलकी हवा मारा आणि पाइपला साबणाचं पाणी लावा. कॉम्प्रेसर नको आणि टाकी जोडलेली असताना तर मुळीच नको.

तांब्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. तांबं थरथरीने कडक होत जातं आणि फ्लेअरच्या, म्हणजे पसरवलेल्या टोकाच्या, गळ्याशी चिरतं. शिवाय तांब्याच्या सान्निध्यात पेट्रोल लवकर खराब होऊन गोंदासारखा राप धरतं, आणि तुमची गाडी आठवडाभर उभी असते. तांबं-निकेलची ब्रेक पाइपची नळी मिळाली तर तीच घ्या. ती हाताने वाकते, गंजत नाही आणि कोकणच्या हवेला उत्तम. नाहीतर चांगला कोटिंगवाला स्टीलचा ब्रेक पाइप, त्याच व्यासाचा. ट्रकचे ब्रेक पाइप बनवून देणारे कारागीर फ्लेअर मारून देतात. त्यांना सांगा, टोकाला नटाचा फ्लेअर नको, होज निसटू नये म्हणून गोल उंचवटा हवा. गुळगुळीत टोकावर नुसत्या क्लिपच्या भरवशावर होज ठेवू नका.

होजवर छापील अक्षरं वाचा. 'एसएई जे30 आर9' (SAE J30 R9, होजच्या दर्जाचा प्रकार) असं असेल तर आतला थर फ्लोरोइलॅस्टोमरचा, म्हणजे विटॉनच्या जातीच्या खास रबराचा असतो. तो इथेनॉलला टिकतो. आर6, आर7 हे जुने साधे प्रकार, ते टाळा. काहीच छापलेलं नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, घेऊ नका. मापही अचूक हवं. 8 मिमी पाइपवर 5/16 इंची होज, म्हणजे सुमारे 7.9 मिमी, घट्ट बसतो. 3/8 इंची, म्हणजे 9.5 मिमीचा, क्लिप आवळून बसवला तर तिथूनच पुन्हा हवा घेणार. क्लिपही गोल कडांची, पूर्ण पट्टीची घ्या. खाचा पाडलेली साधी जुबली क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) रबर कापते.

सलग रबराचा विचार सोडा. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, बॉडी हलत नाही, म्हणून फक्त टोकांना होज लागतो. मधे धातूच हवा, नाहीतर दगड लागून किंवा सायलेन्सरच्या उष्णतेने होज जातो.

बेंड उतरवण्यासाठी जुना पाइप कापू नका, अख्खा काढा. जमिनीवर ठेवून जाड तारेने त्याची नक्कल करा आणि नवा पाइप त्या तारेवरून वाकवा. वाट मूळचीच ठेवा. ती सायलेन्सरपासून लांब नेलेली असते, जवळ आणलीत तर उन्हाळ्यात पेट्रोल पाइपातच उकळून गाडी बंद पडेल. क्लिपा फूट-दीड फुटावर घ्या आणि प्रत्येकीखाली रबराची पट्टी द्या, म्हणजे पाणी धरणार नाही. पत्र्यातून जिथे पाइप जातो तिथे नवे ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी रिंग).

प्रतिसाद: घाटवाट

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हे काम गॅरेजच्या पिटवर (गाडीखाली उतरायच्या खड्ड्यावर) करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती खड्ड्यात साठते आणि एका ठिणगीला पेटते. उघड्यावर, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, टाकी जवळजवळ रिकामी करून मगच हात घाला. पण रिकामी टाकी सुरक्षित असं समजू नका, आत वाफ भरलेली असते. पेट्रोल धातूच्या डब्यात काढा, पिवळ्या बल्बचा हँडलॅम्प नको, आणि ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. पाणी उपयोगाचं नाही, पेट्रोल त्यावर तरंगत पसरतं.

पंप ते कार्ब्युरेटर हा छोटा होजही याच वेळी बदला. तिथे ओढ नसून दाब असतो. तो फुटला तर पेट्रोल थेट गरम इंजिनावर उडतं. फिल्टर टाकी आणि पंपाच्या मधेच राहू दे, प्लास्टिकचा फिल्टर उष्णतेजवळ नको.

प्रतिसाद: धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तांबं रद्द. तांबं-निकेल शोधतो, नाही मिळालं तर स्टील. पिटचं मला सुचलंच नव्हतं. गॅरेजवाले काका ओळखीचे आहेत, त्यांच्याशी बोलून गाडी मोकळ्या जागेत स्टँडवर घेऊ.

एक राहिलं: पंपाचा डायफ्रॅमही इथेनॉलसाठी बदलावा का? मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदवलेली होती, तिचीही वीस वर्षांची मुदत 2023 मध्ये संपली. टॅक्स्या होत्या तोवर कुर्ल्यात, ऑपेरा हाउसला सुटे भाग सहज मिळायचे. आता दुकानात पडून असलेला जुना किट मिळतो, पण त्याच्या रबराचा भरवसा वाटत नाही.

प्रतिसाद: जुना स्पॅनर

बदलाच, पण वर्षानुवर्षं पाकिटात पडून असलेला किट घालू नका. जुना डायफ्रॅम नमुना म्हणून न्या आणि इथेनॉलला चालणाऱ्या कापडी-रबराच्या शीटमधून कापून घ्या. डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल थेट ऑइल संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं, म्हणून डिपस्टिकला (ऑइल मोजायच्या पट्टीला) पेट्रोलचा वास येतो का तेही बघा. येत असेल तर गाडी चालू करण्याआधी ऑइल बदला.

नवी लाइन टाकल्यावर सुरुवातीला फिल्टर लवकर बुजेल. इथेनॉल टाकीतला जुना राप सोडवतं आणि तो सगळा पुढे येतो. गणपतीला निघताना दोन फिल्टर आणि हातभर आर9 होज डिकीत ठेवा. पहिल्या दिवशी इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून बघा, गाडी गरम झाल्यावर पुन्हा एकदा. फोटो जरूर टाका, क्लिपांची पद्धत मलाही बघायची आहे.