दारू सोडवण्याच्या उपचारांना मेडिक्लेम का नाही?

कळव्याची ताई:
धाकट्या भावाने मनावर घेऊन दारू एकदम बंद केली. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, भिंतीवर माणसं दिसायला लागली, मग फिट आली. ठाण्याच्या एका खाजगी रुग्णालयात चार दिवस आयसीयू. मेडिक्लेम नामंजूर. कारण? पॉलिसीतलं एक्स्क्लूजन 12: व्यसनाचे उपचार आणि त्याचे परिणाम वगळलेले. आईच्या पाटल्या मोडल्या. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा दारू-ड्रग्जशी निगडित मानसिक विकारांना आजारच म्हणतो, आणि मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या असंही सांगतो. मग हे कलम टिकतं कसं?

नेरुळकर:
ताई, भावाचं ऐकून वाईट वाटलं. तरी मला पटत नाही. आईबाबांचा हप्ता भरताना माझी दमछाक होते. ज्याने आयुष्यात थेंब घेतला नाही त्याने हा भार का उचलायचा? ठाण्यात सरकारी मनोरुग्णालय आहे, एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) सभांना पैसे लागत नाहीत.

कळव्याची ताई:
फिट आलेल्या माणसाला सभेला नेऊ? गोड न सोडणाऱ्या मधुमेहीचा पाय कापावा लागला तर क्लेम देताना कुणी हा हिशोब मांडत नाही.

वाशीची सिस्टर:
वॉर्डात रोज बघते ते सांगते. नातेवाईक हात जोडतात, 'केसपेपरवर दारू लिहू नका, क्लेम जाईल.' मग 'उलट्या, अशक्तपणा' एवढंच सांगतात. खूप पिणाऱ्याच्या अंगात बी-1 जीवनसत्त्व कमी असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. शिवाय शेवटचा पेग कधी घेतला हे कळलं नाही, तर फिट येईपर्यंत आम्ही बेसावध. क्लेमच्या धास्तीने लपवलेली ही एक गोष्ट जीव घेऊ शकते.

नेरुळकर:
हे माहीत नव्हतं. आयसीयूचं बिल मिळावं, मान्य. पण तीन-तीन महिने केंद्रात राहायचं, बाहेर येऊन पुन्हा प्यायची, त्याचे पैसे विम्यातून नकोत.

कळव्याची ताई:
पुन्हा पिणं हा या आजाराचाच भाग आहे हो. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचं आढळलं. उरलेल्या 37 जणांच्या घरी पाटल्या तरी असतील का?
कंपनीला लेखी तक्रार दिलीय. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर विमा लोकपालाकडे जाणार, तिथे फी लागत नाही. सिस्टर, डिस्चार्ज कार्डावर नेमकं काय लिहिलेलं असावं लागतं?