मदत हवी आहे: पुस्तक आणि त्यावरचा सिनेमा, जोड्या सुचवा

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर यंदा ठरलंय की महिनाभर एक मराठी पुस्तक वाचायचं आणि महिनाअखेरीस त्यावरचा सिनेमा एकत्र बघायचा. जोड्या निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. 'पुस्तकच भारी, सिनेमाने वाट लावली' असं म्हणून सगळे चहाकडे वळले तर उपयोग नाही. दिग्दर्शकाने काय गाळलं आणि का, यावर तासभर भांडता येईल अशा जोड्या हव्यात.

'सिंहासन' (१९७९) पक्का. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या तेंडुलकरांनी एकाच पटकथेत बसवल्या. म्हणजे गाळलं बरंच असणार, पण निळूभाऊ फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस बघताना ते जाणवत नाही. समोरचे बोलत असतात, हा नुसता ऐकत असतो, आणि राजकारणाचा सगळा गाळ त्याच्या चेहऱ्यावर साचत जातो. प्रश्न एवढाच की सभासदांना दोन्ही कादंबऱ्या वाचायला लावू की एकच? एकच, तर कोणती?

'शाळा'वरून आत्ताच दोन तट पडलेत. मिलिंद बोकिलांच्या पुस्तकाची सगळी गंमत नववीतल्या मुकुंद जोशीच्या मनातल्या बडबडीत आहे. तोंडाने तो त्यातलं फारसं बोलतच नाही. सुजय डहाकेचा सिनेमा मला आवडतो, पण तो जोशीला आवडणाऱ्या शिरोडकरचा झालाय आणि पुस्तक जोशीचं आहे. (यावर कुणाला वाद घालायचा असेल तर अवश्य.)

'बनगरवाडी'बद्दल धाकधूक आहे. व्यंकटेश माडगूळकर मुळातच इतकं कमी बोलतात की दिग्दर्शक अमोल पालेकरांना कापायला फारसं काही उरलं नसावं. पण त्या संथ लयीत आमची मंडळी टिकतील का? ज्यांनी अलीकडे पाहिलाय त्यांनी सांगा.

'जोगवा' यादीत आहे, राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग'सकट. 'दुनियादारी' हा तरुण सभासदांचा हट्ट. शिरवळकरांचे जुने वाचक त्या दिवशी हॉल डोक्यावर घेणार, तेव्हा ती शेवटी ठेवलीय.

आता अडलंय कुठे ते सांगते. 'उंबरठा' ज्यावर बेतलाय ती शांता निसळ यांची 'बेघर' मला कुठेच मिळत नाहीये. आमच्या वाचनालयात नाही, रद्दीवाल्यांकडेही विचारून झालं. पुण्यात कुणाकडे असेल तर महिन्याभरासाठी उसनी द्याल का? कव्हर घालून परत करीन.

आणि हो, सोसायटीच्या हॉलमध्ये तिकीट न लावता तीसेक जणांना सिनेमा दाखवायचा तर निर्मात्याची परवानगी लागते का? ती मागायची कुणाकडे? कुणी फिल्म क्लब चालवत असेल तर कृपया सविस्तर लिहा.