रात्रभर सायकल, पहाटे दर्या : तुमचे अनुभव लिहा

येत्या कोजागरीला पुन्हा फोंड्याहून मोबोरला जायचं ठरतंय. परवा एका मुलीने विचारलं, "काका, रात्री सायकल चालवताना नक्की कसं वाटतं?" मी बोलायला लागलो आणि अर्धा तास झाला तरी मुद्द्यावर आलो नाही. म्हणून हा धागा. गोव्यात ज्यांनी रात्रभर सोबतीने सायकल मारून समुद्र गाठला आहे त्यांनी इथे लिहावं. किलोमीटर आणि वेग लिहिला नाही तरी चालेल. कुठे थांबलात, काय खाल्लंत, कुठे घाबरलात, ते लिहा.

सुरुवात मीच करतो.

इंग्लंडमध्ये डनिच डायनॅमो नावाची एक राइड होते. जुलैत पौर्णिमेच्या जवळच्या शनिवारी रात्री लोक लंडनहून निघतात आणि सुमारे १८० किलोमीटर चालवून सकाळी डनिचच्या किनाऱ्यावर पोहोचतात. तो पूर्व किनारा, त्यामुळे त्यांच्यासमोर समुद्रातून सूर्य वर येतो. तिच्याबद्दल वाचलं तेव्हा वाटलं, आपल्याकडे तर सगळंच उलट. आपला दर्या पश्चिमेला. सूर्य पाठीमागे माडांतून वर येणार आणि पुढ्यात पौर्णिमेचा चंद्र पाण्यात उतरणार. कोजागरीला जागायचंच असतं, मग गच्चीवर बसून जागण्याऐवजी चंद्राला समुद्रापर्यंत पोहोचवून का येऊ नये? त्या विचारातून आमचं सुरू झालं.

२०२३ची कोजागरी मला सगळ्यात जास्त आठवते. २८ ऑक्टोबर, शनिवार, आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. दोघांच्या घरून "ग्रहणात बाहेर पडायचं नाही" म्हणून निरोप आला, ते आले नाहीत. आमच्या आईने वेध लागल्यावर दूध आटवायला नकार दिला. मी वाद घातला नाही. साखर, वेलची, जायफळ, केशर वेगवेगळ्या पुड्यांत बांधून घेतलं, दुधाचा कॅन आणि स्टोव्ह पिकअपमध्ये ठेवला. साडेबाराला अकरा सायकली निघाल्या. बोरीचा पूल ओलांडून लोटलीच्या बाजूला रस्त्यापासून आत थांबलो, सगळे दिवे बंद केले. एक वाजून गेल्यावर चंद्राची कड काळवंडायला लागली. कोणीतरी खाऊन बघितल्यासारखा बारीकसा चावा. पावणेदोनच्या सुमाराला तो सगळ्यात मोठा होता, तरी तसा लहानच. खाली जुवारीचं पाणी, आणि अकरा माणसं अजिबात न बोलता माना वर करून उभी. अडीचच्या आत ग्रहण सुटलं. मग मडगावच्या पुढे स्टोव्ह पेटवला आणि दूध तापवलं. मोक्षानंतरचं दूध, त्यामुळे सकाळी आईलाही त्यातलं चालणार होतं. तिच्यासाठी थर्मासमध्ये राखून ठेवलं.

मोबोरला साडेपाचला पोहोचलो. पुढचा एक तास शब्दांत मांडणं मला जमत नाही. चंद्र आधी पिवळा झाला, मग तांबूस, आणि पाण्याला टेकायच्या आधीच धुरकट हवेत विरून गेला. पाठीमागे उजाडलं होतं.

आता तुम्ही.

—

निवृत्त कदंब चालक, फोंडा

मी तीस वर्षं बस चालवली. सायकल साठीनंतर घेतली. त्यामुळे मला दोन्ही बाजू ठाऊक आहेत, तेवढंच लिहितो.

रात्री चालकाला सायकलवाला माणूस म्हणून दिसत नाही, आधी एक ठिपका दिसतो. तो ठिपका घराचा दिवा आहे, खांबावरचा रिफ्लेक्टर आहे की गाडी, हे ठरवायला वेळ जातो. पण पॅडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर वर-खाली होताना दिसले की क्षणात कळतं, कोणीतरी पाय मारतंय. नव्या महागड्या सायकलींवर ते नसतात. मी आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना घोट्याला चमकपट्टी बांधायला लावली आहे. काम तेच होतं.

मागचा दिवा नुसता लुकलुकणारा ठेवू नका. तो लांबून लवकर दिसतो हे खरं, पण अंतराचा अंदाज येत नाही. एक स्थिर, एक लुकलुकणारा, असे दोन ठेवा.

समोरून कोणी अप्पर मारत आला तर त्याच्या दिव्याकडे बघू नका, डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे बघा. आणि गुरं. पावसाळ्यात आणि त्यानंतरही गुरं रस्त्यावर बसतात, डांबर सुकं आणि उबदार असतं म्हणून. काळी म्हैस बसलेली असेल तर तुमच्या दिव्यात ती अगदी शेवटी येते. पुढच्या माणसाने "गुरं!" म्हणून ओरडायचं आणि ते शेवटच्या सायकलीपर्यंत पोहोचवायचं. लाज वाटून घेऊ नये.

—

डिचोली, शाळेत शिकवते

आम्ही फेब्रुवारीत म्हापसा, शिवोली, चोपडेचा पूल करून मोरजीला गेलो होतो. चौदा जण. पहाटे साडेतीनला किनाऱ्याजवळ पोहोचलो तेव्हा एक माणूस हात आडवा करत धावत आला. वाटलं भांडायला येतोय. तो कासवांच्या राखणीवरचा होता. "दिवे बंद करा, सगळे," एवढंच म्हणाला.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या चार किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात हे मी मुलांना वर्गात शिकवते. आणि मी स्वतः हजार ल्युमेनचा दिवा लावून तिथे निघाले होते. मादी वर येताना उजेड दिसला तर तशीच परत फिरते. अंड्यांतून निघालेली पिल्लं समुद्राकडच्या फिकट उजेडाच्या दिशेने चालत जातात, जमिनीकडे दिवे असले की उलटी भरकटतात. आम्ही सगळे सुरूच्या झाडांपाशी थांबलो, सायकली आडव्या केल्या आणि उजाडेपर्यंत वाळूवर पाऊल टाकलं नाही. काही जण कुरकुरले, एवढं चालवून आलो आणि पाण्याला शिवायचंही नाही. मला ते पटलं होतं, मी त्यांना तसं सांगितलंही.

उजाडल्यावर त्या राखणदाराने आम्हाला लांबून माग दाखवला. छोटा ट्रॅक्टर पाण्यातून वर येऊन परत गेल्यासारखा. कासव आम्हाला दिसलं नाही. पण आम्ही झाडांखाली गप्प बसलो होतो तेव्हा ते तिथे, आमच्यापासून दोनशे पावलांवर, अंडी घालत होतं. एका वेळेला शंभराच्या आसपास अंडी असतात. त्या वर्षीच्या सातवीच्या मुलांना मी हा धडा वेगळा शिकवला.

नोव्हेंबर ते मार्च या किनाऱ्यांकडे जाणार असाल तर शेवटचा अर्धा किलोमीटर दिवे विझवून चालत जा. विनंती आहे.

—

मडगाव

आम्हाला रात्री कुत्रीच फार नडतात. सायकल पळवायला गेलात तर जास्त मागे लागतात. खाली उतरायचं, सायकल मध्ये धरायची आणि चालायला लागायचं, बहुतेक वेळा तीही गप्प होतात. मला वार्काजवळ एकदा पोटरीला चावलं. जखम आधी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, मग लस, जराही टाळायचं नाही. पंधरा मिनिटं फार लांब वाटतात, घड्याळ लावून धुवा. हळद, चुना काही लावू नका.

—

बेळगाव, माहेर साखळी

मी उलट बाजूने येते म्हणून चालेल ना? बेळगावहून चोर्ला घाटाने पणजीचा किनारा, ११० किलोमीटरच्या आसपास. डिसेंबरात रात्री आठला निघालो होतो, सात जणी आणि पाच पुरुष.

कणकुंबीपर्यंत थंडीच थंडी. घाट उतरताना तर बोटं इतकी बधिर झाली की ब्रेक दाबला गेला की नाही ते सायकल हळू झाल्यावरच कळायचं. उतारावर एकसारखा ब्रेक धरून ठेवला तर रिम तापते, म्हणून दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. धुकं असं की पुढचा लाल दिवा मधेच नाहीसा व्हायचा. मग पुढच्या बाईने गायला सुरुवात केली, फुगडीची, लग्नाची, जे आठवेल ते. दिवा दिसला नाही तरी आवाज कुठे आहे ते कळत होतं. केरीत उतरलो, अंजुणे धरणाच्या बाजूने गार वारा आला आणि एकदम हवा बदलली. घाटावरची कोरडी थंडी संपली, ओल आली, पाचोळ्याचा वास आला. मला माहेर लागलं ते तिथेच. साखळीची पाटी पुढे होती.

साखळीत दोन वाजता माझ्या भावाने दार उघडलं. वहिनीने बारा माणसांसाठी पेज करून ठेवली होती, बरोबर लोणचं आणि भाजलेला पापड. बायकांनो, रात्री अशा राइडला पेजेसारखं काही नाही. पोटाला जड होत नाही, मीठ-पाणी दोन्ही मिळतं.

तिथून डिचोली, मये, चोडण. पहाटेच्या फेरीबोटीची वाट बघत धक्क्यावर बसलो. खारफुटीचा चिखल ओहोटीला जो वास देतो तो, आणि पलीकडे रायबंदरचे दिवे. बोटीवर चढलो तेव्हा बोटीवरच्या माणसाने विचारलं, "खंयच्यान आयल्यात?" बेळगाव म्हटल्यावर त्याने आम्हा सगळ्यांच्या सायकली स्वतः एकेक करून कठड्याला टेकवून दिल्या. रायबंदरहून पणजीकडे तो जुना पोंते दे लिन्यारेसचा रस्ता, पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला. त्यावर आम्ही पोहोचलो तेव्हा एकीकडे मांडवीत आणि दुसरीकडे मिठागरांत आकाश उजळत होतं. मिरामारला पाय पाण्यात टाकला तेव्हा मी खरंच रडले. दमून असेल. माझ्या नवऱ्याने काही न बोलता पाठीवर हात ठेवला.

—

फोंडा, वय ३१

मला बायकांच्या एका अडचणीबद्दल लिहायचं आहे, कारण कोणी लिहीत नाही. लघवीला कुठे जायचं? पुरुष रस्त्याच्या कडेला उभे राहतात. माझ्या पहिल्या राइडला दीड वाजता एका पेट्रोल पंपावर गेलो तर स्वच्छतागृहाला कुलूप, चावी कोणाकडे ते तिथल्या मुलाला माहीत नाही. मग मी पाणी प्यायचंच बंद केलं. पहाटे पोटऱ्यांत असे गोळे आले की शेवटचे आठ किलोमीटर पिकअपमध्ये बसून काढले. किनारा काचेतून बघितला.

पुढच्या वर्षी मी स्पष्ट म्हटलं की थांबे आधी ठरले तरच मी येणार. काकांनी (वर ज्यांनी धागा काढलाय ते) तेव्हापासून प्रत्येक थांबा कोणाच्या तरी घरी ठेवला आहे. चिंचिणीला ग्रुपमधल्या एकाची मावशी राहते, ख्रिश्चन कुटुंबात लग्न झालेली. ती दिवाणखान्यातला दिवा चालू ठेवून, आरामखुर्चीत बसून आमची वाट बघते. पंचाहत्तरीच्या पुढची आहे. गेल्या वर्षी म्हणाली, "तुम्ही येता म्हणून मी दुपारी झोपून घेते."

माझी आई पहिल्या वर्षी रात्रभर खिडकीत बसून होती. आता ती पिकअपमध्ये असते, दुधाच्या कॅनशेजारी.

—

वेर्णा

निघण्यापूर्वी चाक उचलून हाताने हलवून बघा. मी काणकोणच्या राइडच्या आदल्या दिवशी सायकल दुकानात देऊन आणली होती, त्यांनी मागच्या चाकाचं क्विक रिलीज (चाक आवळायची खिट्टी) आवळलंच नव्हतं. करमल घाट चढताना चाक एका बाजूला घासायला लागलं म्हणून लक्षात आलं. चढ होता म्हणून मी आज लिहितोय. सगळे चौदा जण माझ्यासाठी अंधारात, भर जंगलात थांबले. त्यातल्या नऊ जणांना माझं नाव माहीत नव्हतं.

—

साखळी, कॉलेज

आमचा पंक्चर कोलव्याच्या आधी झाला, चारच्या सुमारास. भोक सापडेना. बादली कुठे मिळणार? एका दादाने ट्यूब गालाजवळून फिरवायला शिकवली, बारीक हवा गालाला लगेच लागते. पॅच सुकेपर्यंत बसलो होतो तर वास आला. पावाचा.

वासामागून गेलो. एका घरामागे लाकडाची भट्टी, दोघे जण उघड्या अंगाने लांब फळीवरून उंडे आत सरकवत होते. आम्हाला बघून त्यांना नवल वाटलं नाही, ते रोज रात्रीचेच जागे. दहा पोया (गोल पाव) घेतल्या, हात भाजत होते. पैसे सुटे नव्हते तर म्हणाले, परतताना द्या.

पाचनंतर कोलव्याच्या रस्त्याला आमच्या पुढून एक पोदेर, म्हणजे पाववाला, गेला. मोठी टोपली मागे, वर निळं प्लास्टिक, भोंगा वाजवत. सायकल साधी, गियर नाही, वजन आमच्या तिप्पट. आम्ही सगळे हेल्मेट-दिवेवाले त्याच्या मागून शांतपणे चाललो. तो प्रत्येक घरासमोर थांबत होता म्हणून आम्हीही थांबत होतो. त्याला ओलांडून पुढे जायचं कोणाच्याच मनात आलं नाही.

परतताना पैसे दिले.

—

कुर्टी, फोंडा

काका, विचारणारी मुलगी मीच. सगळं दोनदा वाचलं. मी येतेय. माझ्याकडे बाबांची जुनी सायकल आहे, गियर नाहीत, बाटलीसारखा डायनॅमो आहे. चालेल का?

—

चालेल की. डायनॅमो टायरला घासतो, त्याने जड जाईल, आणि थांबलीस की दिवा विझेल. पुढचा-मागचा बॅटरीचा दिवा मी आणतो. घोट्याला बांधायची पट्टी बसवाले काका देतील. रविवारी संध्याकाळी सायकल घेऊन ये, ब्रेकच्या तारा बघून घेऊ. आणि घरी आईला सांग, पिकअपमध्ये अजून एक जागा आहे.